झाकण्याआधीचे घर

(दृश्य : खासबागेतील बोळ, सकाळ. यंत्रमागाचा आवाज.)

बेळगावच्या खासबाग, वडगाव आणि शहापूर या भागांत अनेक बोळांतली सकाळ मागाच्या आवाजाने सुरू होते. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते आणि लागूनच असलेले बेळगाव इंग्रजांकडे होते. दोन राजवटींत वाढलेल्या या वस्त्या आज एक झाल्या असल्या, तरी इथल्या जुन्या बोळांची रुंदी, घरांची ठेवण आणि भिंतींची जाडी अजून त्याच काळातली आहे. समोर दिसणारे घरही त्याच घडणीचे आहे. पुढच्या सोप्यात माग, मध्ये माजघर, मागे परसू, वर मंगलोरी कौले, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. कुटुंब वाढले आणि जागा कमी पडू लागली, म्हणून मागच्या अर्ध्या भागाची कौले उतरवून तिथे स्लॅब टाकायचा आणि वर दोन खोल्या काढायच्या, असे घरच्यांनी ठरवले. या कामात जे जे पुढे झाकले जाणार आहे, त्याची पाहणी झाकण्याआधी कशी होते, ते आपण पाहणार आहोत.

(दृश्य : गिलावा काढलेली भिंत, जवळून.)

गिलावा निघाल्यावर भिंतीचे पोट दिसते. दगड पक्के आहेत, पण त्यांच्यामधल्या सांध्यांत माती भरलेली आहे. कौलांचे ओझे या भिंतीने इतकी वर्षे पेलले. स्लॅबचे ओझे तिच्यावर टाकता येणार नाही, कारण ओलाव्याने माती मऊ पडली की दगड एकमेकांवरून सरकू लागतात. म्हणून अभियंत्याने नव्या मजल्याचा भार भिंतीवर न ठेवता आतल्या बाजूने सहा कॉलम उभे करण्याचा आराखडा दिला आणि महानगरपालिकेकडून तसाच नकाशा मंजूर करून घेतला.

पाहणीची तयारी इथे कुदळ मारण्याआधीच सुरू झाली. सामाईक भिंतीला शेजारच्या बाजूने आधीपासून असलेल्या भेगांवर घरमालकांनी खडूने खुणा केल्या, शेजाऱ्यांना सोबत उभे करून त्यांचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोवर तारीख घातली. खोदकामानंतर एखादी भेग वाढली, तर ती जुनी की नवी हे या फोटोंवरून ठरवता येते. शेजारधर्म टिकण्यासाठी एवढा पुरावा पुरेसा असतो.

(दृश्य : पायाचा खड्डा. काळी माती, तळाशी पिवळसर मुरूम.)

शहापूर आणि वडगावच्या शिवारातल्या भातशेतीला जी काळी माती वरदान ठरली, तीच माती घराच्या पायाला त्रास देते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेला पाया तिच्याबरोबर हलतो. म्हणून खड्डा काळ्या मातीतून पार होऊन घट्ट मुरमाला लागेपर्यंत खोदावा लागतो. पायाची पाहणी व्हायला हवी ती नेमकी या वेळी, म्हणजे तळ उघडा असताना. तळातली सैल माती काढलेली हवी, पाणी साचलेले नको, आणि खोली मोजता येईल अशी पट्टी कडेला उभी केलेली हवी. एकदा तळाशी काँक्रीटचा थर पडला की खाली मुरूम लागला होता की नव्हता, हे पुन्हा खोदल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

(दृश्य : परवान्याचा कागद. मुलगी लिहीत आहे.)

हा बांधकाम परवाना आहे. तो कन्नडमध्ये आहे. कोणत्या टप्प्यावर कार्यालयाला कळवायचे, कुठे किती जागा सोडायची, काम किती मुदतीत पूर्ण करायचे, या अटी त्यात लिहिलेल्या असतात. सीमाभागातल्या अनेक मराठी घरांत हा कागद घडी घालून कपाटात जातो आणि अटी फक्त कंत्राटदाराला ठाऊक राहतात. या घरात तसे झाले नाही. दहावीत शिकणाऱ्या मुलीने शाळेत शिकलेल्या कन्नडच्या बळावर प्रत्येक अट मराठीत उतरवून काढली. ‘परवानगी’ आणि ‘नक्षे’ हे शब्द तिला अर्थातच अडले नाहीत; ‘अडिपाय’ या शब्दातला पाया तिने आवाजावरूनच ओळखला; जे अडले ते तिने अभियंत्याला विचारले. दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली ती यादी सिमेंटच्या गोण्यांशेजारी भिंतीला चिकटवलेली आहे, आणि काम करणारे मिस्त्रीही ती वाचतात. कार्यालयाने परवान्यासोबतच मराठी प्रत दिली असती, तर हे काम एका शाळकरी मुलीवर पडले नसते. घर बांधणाऱ्याला त्याच्याच घरासाठी घातलेल्या अटी वाचता याव्यात, ही मागणी मोठी नाही.

यादीच्या वर मंजूर नकाशाची प्रत लावलेली आहे. बांधकामाच्या जागी मंजूर नकाशा दर्शनी लावावा, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करावी आणि तिची नोंद ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितले आहे.

(दृश्य : स्लॅबची सळी. सळी वाकवणारे कारागीर रिंगा वाकवत आहेत.)

आता आपण सेंट्रिंगवर, म्हणजे ओले काँक्रीट पेलणाऱ्या फळ्या-टेक्यांवर आहोत. फळ्यांवर सळ्यांची जाळी अंथरून झाली आहे आणि काँक्रीट उद्या सकाळी पडणार आहे. घराच्या पुढच्या आयुष्यात हा सांगाडा पुन्हा दिसणार नाही, म्हणून अभियंता आज संध्याकाळचा पूर्ण वेळ इथेच देतो. तो आधी सळीचा एक मीटर लांबीचा तुकडा तराजूवर ठेवतो. १० मिलिमीटर व्यासाची सळी मीटरला सुमारे ६१७ ग्रॅम आणि १२ मिलिमीटरची सुमारे ८८८ ग्रॅम भरली पाहिजे. वजन फारच कमी भरले, तर सळी नावापुरतीच त्या जाडीची असते. मग तो दोन सळ्यांमधले अंतर मोजतो आणि नकाशाशी ताडून पाहतो. सळ्यांचे सगळे जोड एकाच रेषेत आलेले नाहीत, याची तो खात्री करून घेतो. बीमच्या आणि कॉलमच्या सळ्यांभोवती घातलेल्या रिंगांची टोके काटकोनात नुसती दुमडलेली नसून १३५ अंशांत आत वळवलेली आहेत का, हे तो बोटाने चाचपून पाहतो, कारण हादरा बसला की काटकोनातली टोके उघडतात आणि रिंगा सळ्यांना धरून ठेवू शकत नाहीत.

(दृश्य : जाळीखालचा खडीचा तुकडा, मग सिमेंटचा कव्हर ब्लॉक.)

ही जागा नीट पाहा. जाळी फळीपासून उचलून धरण्यासाठी कोणीतरी खडीचा तुकडा सरकवला आहे. तुडवल्यावर तो निसटतो, सळी फळीला टेकते, आणि फळ्या निघाल्यावर छताच्या तळाशी सळी जवळजवळ उघडीच राहते. खानापूर-जांबोटीकडून येणाऱ्या पावसाचा ओलावा महिनोन्महिने हटत नाही; अशा छतात सळी गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटची खपली खाली पाडते. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सौम्य वातावरणातही स्लॅबच्या सळीवर किमान २० मिलिमीटर, कॉलमच्या सळीवर ४० मिलिमीटर आणि पायाच्या सळीवर ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे. अभियंत्याने खडीचे सगळे तुकडे काढायला लावले. मिस्त्रींनी त्याच रात्री दिव्याच्या उजेडात सिमेंटचे कव्हर ब्लॉक, म्हणजे फळीपासून अंतर राखणारे ठोकळे, सळ्यांना तारेने बांधले.

विजेच्या नळ्या, पंख्याच्या हुकांचे डबे आणि न्हाणीच्या पाइपांसाठी ठेवायची भोके याच वेळी जागेवर असावी लागतात. ती राहून गेली, तर पुढे स्लॅब फोडावा लागतो आणि फोडताना सळी तुटते.

(दृश्य : काँक्रीट, साचे, स्लॅबवर साठवलेले पाणी.)

काँक्रीट पडत असताना १५० मिलिमीटर बाजूच्या लोखंडी साच्यांत त्याचे ठोकळे भरून घेतले. एम २० प्रतीच्या काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासली जाते आणि प्रयोगशाळेचा तो अहवाल फाइलमध्ये लागतो. स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवले आहे. साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या सिमेंटसाठी किमान १० दिवस ओल टिकली पाहिजे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबखालचे टेके ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस हलवायचे नाहीत. सेंट्रिंगचे भाडे दिवसावर असते, त्यामुळे घाई करण्याचा मोह होतो. इथे टेक्यांवर तारीख खडूने लिहिलेली आहे.

परवान्याशिवाय किंवा नकाशा सोडून केलेल्या बांधकामाला कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ च्या कलम ३२१ खाली पाडण्याचा आदेश निघू शकतो. पण आदेशापेक्षा मोठा प्रश्न जिवाचा आहे : ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने घर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला.

(दृश्य : गिलाव्याआधीची भिंत. मुलगी मोजपट्टी धरून उभी, मोबाइलने फोटो.)

भिंतीत खाचा पाडून विजेच्या नळ्या बसवल्या आहेत आणि उद्या गिलावा सुरू होईल. त्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो निघतो आहे, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसेल अशी धरलेली आहे, म्हणजे नळी जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते पुढेही कळेल. हिरवी अर्थिंगची तार प्रत्येक डब्यापर्यंत पोहोचली आहे. यंत्रमाग आणि घर यांची विजेची सर्किटे वेगळी केली आहेत, आणि घराच्या बोर्डात विजेची गळती ३० मिलिअँपिअरला पोहोचताच पुरवठा तोडणारा स्विच बसणार आहे.

(दृश्य : फाइल. मागावरचे कापड.)

काम पूर्ण झाल्याची लेखी सूचना एका महिन्याच्या आत द्यावी आणि पाहणीसाठी आवश्यक त्या सोयी करून द्याव्यात, अशी तरतूद याच अधिनियमाच्या कलम ३१० मध्ये आहे. त्या सूचनेसोबत जाणारी फाइल आताच तयार आहे. तिच्यात परवाना, नकाशा, ठोकळ्यांचा अहवाल, सळीच्या वजनाची नोंद, शेजारच्या भेगांचे फोटो आणि भिंतींतल्या नळ्यांचे फोटो क्रमाने लावलेले आहेत. सर्वांत वर, दिनदर्शिकेच्या पाठीवरची ती मराठी यादी आहे. तिच्यातल्या अकरा अटींपैकी नऊ अटींसमोर खूण झाली आहे.