तप्त ताऱ्यांची नोंदवही

मित्रहो, मृग नक्षत्र तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. चार पायांचे चार तारे आणि पोटात रुतलेला व्याधाचा बाण, म्हणजे एका रेषेतले तीन तारे. डोळ्यांना ते तिघे सख्खे भाऊ वाटतात, पांढरेशुभ्र आणि जवळजवळ सारखेच तेजस्वी. पण आमच्या नोंदवहीत बाणाची दोन टोकं, मिंटाका आणि अल्निटाक, एका पानावर आहेत आणि मधला अल्निलम दुसऱ्या पानावर. टोकांचे दोघे ‘ओ’ वर्गातले. मधला त्याहून जरा थंड अशा ‘बी’ वर्गातला, तोही अगदी उंबरठ्यावरचा, बी ०. ही वाटणी कशी करतात आणि ती करण्यात आयुष्यं का खर्ची पडली, ते आज सांगतो.

ओ वर्गाचा तारा म्हणजे पृष्ठभागाचं तापमान ३०,००० केल्विन आणि त्याहून वर. आपला सूर्य ५,८०० केल्विनच्या आसपास. वस्तुमान सूर्याच्या पंधरा-सोळा पटींपासून शंभर पटींच्याही पुढे. इंधन एवढं मोठं, पण उधळपट्टी त्याहून मोठी. सूर्य सुमारे १,००० कोटी वर्षं टिकेल, हे तारे काही दशलक्ष वर्षांत संपतात. शिवाय मुळात जन्मालाच कमी येतात. लाखो ताऱ्यांमागे एखादा ओ तारा सापडतो. तरीही दीर्घिकेचा संसार त्यांच्याच जोरावर चालतो. त्यांच्या अतिनील प्रकाशानं तेजोमेघ उजळतात, त्यांच्या वाऱ्यांनी वायू ढवळला जातो, आणि आपण आत्ता श्वासात घेतोय त्या ऑक्सिजनचा बहुतांश भाग अशाच वजनदार ताऱ्यांच्या पोटात तयार झालेला आहे.

अल्पायुषी असण्याचा आम्हाला एक फायदा होतो. या ताऱ्यांना जन्मस्थानापासून दूर भटकायला वेळच मिळत नाही. ओ तारा दिसला की समजायचं, इथे नुकतेच तारे जन्मले. विल्यम मॉर्गन यांनी शार्पलेस आणि ऑस्टरब्रॉक या दोन तरुणांना हाताशी धरून नेमकं हेच केलं. तप्त ताऱ्यांची आणि त्यांनी उजळलेल्या तेजोमेघांची अंतरं काढून नकाशावर ठिपके मांडले, तेव्हा पट्टे उमटले. आपली आकाशगंगा सर्पिल आहे याचा तो पहिला भक्कम पुरावा. डिसेंबर १९५१ मध्ये क्लीव्हलंडच्या सभेत त्यांनी तो मांडला, तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्याच, पायही आपटले. खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत असं सहसा होत नाही.

आता अडचणीकडे येऊ. तुम्ही म्हणाल, तप्त तारा निळा असतो, मग आकाशाचे फोटो काढा आणि निळे ठिपके मोजा. दोन कारणांनी ते जमत नाही. पहिलं, ३०,००० केल्विनचा तारा आणि ४५,००० केल्विनचा तारा दृश्य प्रकाशात जवळजवळ सारख्याच निळ्या रंगाचे दिसतात. त्यांच्यातला खरा फरक दूरच्या अतिनीलात असतो आणि तो प्रकाश आपलं वातावरण खाली पोचू देत नाही. दुसरं कारण धूळ. हे तारे जन्मतात आकाशगंगेच्या पातळीत, आणि धूळही तिथेच साठलेली. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, तांबडा कमी. त्यामुळे अस्सल निळा तारा आपल्यापर्यंत पोचेतो पिवळा, कधी चक्क तांबूस होऊन येतो. हंस तारकासमूहात सिग्नस ओबी२ नावाचा तप्त ताऱ्यांचा मोठा जथा आहे. त्यातल्या बाराव्या क्रमांकाच्या ताऱ्याचा दृश्य प्रकाश धुळीतून गाळून येतो तो साधारण दहा हजारांत एक भाग. मध्ये धूळ नसती तर तो नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसला असता. आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेनं पाहिलं तर हेच प्रमाण एक लाख कोटींत एक इतकं खाली जातं. तिथे अवरक्त प्रकाशाचाच आधार घ्यावा लागतो.

धुळीवर एक सुरेख तोड १९५३ साली निघाली. हॅरॉल्ड जॉन्सन आणि मॉर्गन यांनी ताऱ्याची दीप्ती तीन गाळण्यांतून मोजली, अतिनीलाजवळची, निळी आणि पिवळसर-हिरवी. दोन-दोन गाळण्यांतल्या फरकानं दोन ‘रंग’ मिळतात. धुळीमुळे दोन्ही रंग बिघडतात, पण एकमेकांशी ठरावीक प्रमाणात, ०.७२ ला १ असे. मग पहिल्या रंगातून दुसऱ्याची ०.७२ पट वजा केली की धुळीचा परिणाम कटतो आणि उरणारा आकडा ताऱ्याचा स्वतःचा असतो. कागद-पेन्सिलीनं होणारं हे गणित आहे. मला ते अजूनही फार आवडतं. पण यातून मिळतात ते उमेदवार. नोंदवहीत नाव घालायचं तर वर्णपट, म्हणजे ताऱ्याचा रंगारंगांत फोडलेला प्रकाश, पाहावाच लागतो.

तो कसा पाहतात, ते जरा जवळून सांगतो. निळ्या-जांभळ्या भागातला वर्णपट घ्यायचा आणि त्यातल्या, ताऱ्यातल्या अणूंनी प्रकाश शोषल्यामुळे उमटलेल्या, दोन काळ्या रेषांवर बोट ठेवायचं. एक ४४७१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला, ती साध्या हेलियमची. दुसरी ४५४२ ला, ती एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमची. हेलियमचा इलेक्ट्रॉन सुटायला प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून तारा जितका तापलेला तितकी दुसरी रेषा गडद आणि पहिली फिकट. दोन्ही सारख्याच खोल दिसल्या की तारा ओ ७. पहिली जास्त खोल असेल तर ओ ८, ओ ९ असं थंड बाजूला सरकायचं, दुसरी खोल असेल तर ओ ६, ओ ५ असं उष्ण बाजूला. मिंटाकात दुसरी रेषा फिकट असली तरी स्पष्ट आहे. अल्निलममध्ये ती जेमतेम उरते. बाणाचे तारे वेगळ्या पानांवर गेले ते एवढ्यावर. ४४७१ ची रेषा पार दिसेनाशी झाली की नायट्रोजनच्या रेषांकडे वळावं लागतं. त्या टोकाचे ओ ३ आणि ओ २ हे वर्ग नोलन वॉलबॉर्न यांनी १९७१ आणि २००२ मध्ये जोडले.

या ४५४२ च्या रेषेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८९६ मध्ये एडवर्ड पिकरिंग यांना झीटा पपिस या ताऱ्यात काही अनोळखी रेषांची मालिका सापडली. त्यांनी ती हायड्रोजनच्या नावे लावली. १९१२ मध्ये आल्फ्रेड फाउलर यांनी हायड्रोजन आणि हेलियमचं मिश्रण भरलेल्या नळीत तशाच रेषा मिळवल्या आणि तेही हायड्रोजनच म्हणाले. पुढच्याच वर्षी नील्स बोर यांनी अणूची नवी कल्पना मांडली आणि सांगितलं, या रेषा आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, हेलियमच्या आहेत. ते खरं ठरलं. मग १९२० च्या सुमाराला मेघनाद साहांनी किती तापमानाला कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील याचं समीकरण दिलं, आणि ताऱ्यांच्या वर्णपटांवर ते लावण्याचं काम त्यांनी लंडनला याच फाउलर यांच्या प्रयोगशाळेत पुढे नेलं. आज आम्ही दोन रेषांची खोली पाहून तापमान सांगतो, त्याच्या मुळाशी ते समीकरण आहे.

याद्यांची परंपरा त्याहून जुनी. हार्वर्डच्या वेधशाळेत दुर्बिणीच्या तोंडाशी प्रिझम लावून काचेच्या प्लेटवर एका वेळी शेकडो ताऱ्यांचे इवलेसे वर्णपट उतरवत. ॲनी जंप कॅनन भिंग घेऊन बसायच्या, मोठ्यानं वर्ग सांगायच्या आणि मदतनीस लिहून घ्यायची. मिनिटाला तीन ताऱ्यांपर्यंत त्यांचा वेग होता. १९१८ ते १९२४ मध्ये छापल्या गेलेल्या हेन्री ड्रेपर सूचीत २,२५,३०० तारे आहेत. आम्ही आजही ताऱ्यांना त्याच सूचीच्या क्रमांकानं हाक मारतो. पुढे हॅम्बुर्ग आणि क्लीव्हलंडच्या वेधशाळांनी उत्तरेकडची आकाशगंगा याच रीतीनं चाळली, आणि १९७१ मध्ये स्टीफन्सन आणि सँड्युलिक यांनी दक्षिणेकडच्या ५,१३२ तेजस्वी ताऱ्यांची यादी दिली.

सँड्युलिक यांचं नाव निघालंच आहे तर थोडं आडवळण घेतो. त्यांनी आपली शेजारीण दीर्घिका असलेल्या मोठ्या मॅजेलॅनिक मेघाचीही अशीच यादी केली, १९७० मध्ये. त्यात उणे ६९ अंशांच्या पट्ट्यात २०२ क्रमांकाचा एक निळा तारा होता. फेब्रुवारी १९८७ मध्ये त्या जागी अतिनवतारा चमकला. तोवर बहुतेकांची समजूत अशी की, फुटण्यापूर्वी तारा तांबडा महाराक्षसी झालेला असतो. हा निळा होता. सतरा वर्षं छापून पडलेली एक ओळ नसती, तर फुटण्याआधी तिथे कोण होतं हे इतक्या लवकर कळलं नसतं.

जुन्या सगळ्या याद्या अमेरिकेतल्या अल्मा कॉलेजच्या कॅमेरॉन रीड यांनी एकत्र केल्या. त्या संग्रहाला आम्ही अल्मा सूची म्हणतो. त्यात एकच तारा दोन नावांनी आलेला सापडायचा, क्वचित जागाच चुकलेली असायची. आणि घुसखोर असायचे, ते मुख्यतः उपखुजे तारे. हे म्हातारे, हलके, आवरण गमावून बसलेले तारे. पृष्ठभाग तापलेला असल्यामुळे रंगानं हुबेहूब ओ किंवा बी वाटतात, पण हायड्रोजनच्या रेषा फार रुंद असतात, कारण तिथला वायू दाबाखाली दाटलेला असतो. गाया उपग्रहानं लंबन, म्हणजे पाहण्याची जागा बदलल्यावर ताऱ्याचं किंचित सरकलेलं दिसणं, मोजून अंतरं दिल्यावर अनेकांचं बिंग फुटलं. जवळ असूनही इतके मंद, म्हणजे मुळातच मिणमिणते! २०२१ मध्ये गायाच्या अंतरांशी ताडून ही सूची नव्यानं तपासली गेली आणि स्वच्छ झालेल्या नकाशात ठिपक्यांचा एक नवाच फाटा दिसला. आकाशगंगेच्या आपल्या सर्पिल भुजेपासून ययातीच्या (पर्सियस) भुजेकडे जाणारा, आकाशगंगेच्या पातळीच्या किंचित वर. वृषपर्वा समूहाच्या दिशेला म्हणून त्याचं नाव सेफियस स्पर. नोंदी वगळल्यानंतर तो दिसला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. यादी लांबवणं सोपं आहे. चीनच्या लामोस्ट दुर्बिणीवर एका वेळी ४,००० तंतूंमधून वर्णपट घेता येतात, आणि त्यातून सोळा हजारांवर ओबी तारे २०१९ मध्ये मिळाले. चाळणी म्हणून यंत्र उत्तम, मी स्वतः वापरतो. पण त्यातले बहुसंख्य तारे बी वर्गाचे, आणि ओ की बी हा शेवटचा निवाडा अजूनही प्रमाण ताऱ्यांचे, म्हणजे वर्ग आधीच पक्का असलेल्यांचे, वर्णपट शेजारी ठेवून डोळ्यांनीच करावा, असं माझं ठाम मत आहे. ओ ताऱ्यांच्या दीर्घ सर्वेक्षणात वॉलबॉर्न, हेसुस माइझ आपेलानिझ, आल्फ्रेडो सोता आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. दोन्ही गोलार्धांतल्या दुर्बिणी, एकाच दर्जाचे वर्णपट, एकच मोजपट्टी. २०१६ पर्यंत त्यांच्या खात्यात जमा झालेले ओ तारे ५९०.

एवढी खबरदारी का, ते मला उमेदवारीच्या काळात कळलं. एका ताऱ्याला मी ओ ८ वर्ग लावला होता. वर्णपट स्वच्छ, रेषा ठसठशीत, शंकेला जागा नाही. कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी विचारलं, “किती रात्रींचे वर्णपट आहेत?”

“एकाच रात्रीचा, सर.”

“मग सध्या पेन्सिलीनं लिही.”

मला ते लागलं. पण चार महिन्यांनी तोच तारा पुन्हा घेतला आणि ४४७१ ची रेषा मधोमध दुभंगलेली. तिथे दोन तारे होते, एक आपल्याकडे येणारा, एक दूर जाणारा. पहिल्या रात्री ते दृष्टिरेषेला आडवे चालले होते, म्हणून दोघांच्या रेषा एकीवर एक बसल्या. थंड ताऱ्याच्या साध्या हेलियमनं ती रेषा फुगवली आणि मी फसलो. उलगडल्यावर एक ओ ६.५ निघाला, दुसरा ओ ९.५. ओ ८ चा तारा तिथे नव्हताच. अशी जोडपी अपवादानं भेटतात असंही नाही. ह्यूज साना आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सहा तारकागुच्छांतले ७१ ओ तारे वारंवार तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की, सत्तर टक्क्यांहून अधिक वजनदार तारे आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी वस्तुमानाची देवाणघेवाण करतात, आणि त्यांतले जवळपास एक-तृतीयांश जोडीदारात विलीनच होतात. म्हणजे एकट्या ताऱ्याचा विचार करून लिहिलेली पाठ्यपुस्तकातली आयुष्यकथा यांच्यापैकी बहुतेकांना लागूच पडत नाही.

मिंटाकासुद्धा असाच एकापेक्षा जास्त ताऱ्यांचा. १९०४ मध्ये पॉट्सडामला योहानेस हार्टमान त्याची कक्षा मोजत होते. ५.७३ दिवसांच्या फेऱ्यात त्याच्या रेषा मागे-पुढे झुलतात. प्लेटमागून प्लेट मोजताना त्यांना दिसलं की कॅल्शियमची एक बारीक रेषा, ३९३४ अँगस्ट्रॉमची, झुलतच नाही. ती ताऱ्याची असती तर ताऱ्याबरोबर हलली असती. म्हणजे ती वाटेतल्या कुठल्यातरी वायूची होती. ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही, हे अशा रीतीनं बाणाच्या एका टोकानं दाखवून दिलं.

मघाशी धुळीबद्दल तक्रार केली, तिचा हिशेब इथे मिटतो. ओ ताऱ्याचा वर्ग एकदा पक्का झाला की त्याचा मूळ रंग किती निळा असायला हवा, हे ठाऊक असतं. दिसणाऱ्या रंगातून तो वजा केला की वाटेतली धूळ मोजून मिळते, आणि कॅल्शियम-सोडियमच्या न हलणाऱ्या रेषा वायूचा अंदाज देतात. म्हणून आमच्या नोंदवहीत वर्गाच्या शेजारी धुळीचाही रकाना असतो. माझ्या त्या जुन्या जोडीचा तो रकाना भरायला मला आणखी दोन हंगाम लागले. वर्ग तेव्हा शाईनं लिहिले.