कात्री कुठे लावायची?

(दृश्य: ग्रँट रोड स्टेशनकडून लॅमिंग्टन रोडवर. हातगाडीवर मॉनिटरची खोकी, दुकानांबाहेर लटकलेल्या केबल्स. कॅमेरा एका काउंटरवर थांबतो. पुढे ग्राफिक्स कार्ड आणि कंट्रोलर, मागच्या फळीवर धूळ खात पडलेली गेमच्या डीव्हीडींची एक रांग.)

निवेदन:
पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. इथे गेम म्हणजे एके काळी खोकं होतं. पैसे मोजायचे आणि पिशवीत घालून घरी न्यायचं. खोक्यावर बंदी घालणं सोपं असतं. फळीवरून उचललं की काम झालं. थायलंडने २०१४ साली एका गेमवर घातलेली बंदी खोक्यांच्या काळातलीच.

गेमचं नाव ट्रॉपिको ५. बल्गेरियातल्या हेमिमाँट गेम्सने घडवलेला, जर्मनीतल्या कॅलिप्सो मीडियाने बाजारात आणलेला. कॅरिबियन समुद्रातलं एक काल्पनिक बेट आणि तिथले सर्वेसर्वा तुम्ही, म्हणजे ‘एल प्रेसिदेंते’. सुरुवातीला राजसत्तेने नेमलेले गव्हर्नर, मग स्वातंत्र्य, दोन महायुद्धं, शीतयुद्ध आणि आजचा काळ. मळे लावा, खाणी काढा, गोदी बांधा. निवडणुकीची मागणी आली की ती मान्य करायची की धुडकावायची, हे तुम्हीच ठरवायचं. स्विस बँकेत तुमचं खासगी खातंही असतं.

पीसीवर हा गेम आला २३ मे २०१४ रोजी. थायलंडच्या लष्कराने सत्ता ताब्यात घेतली ती आदल्या दिवशी, २२ मे रोजी. असा योग गेम कंपनीला ठरवूनही साधता आला नसता. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथल्या संस्कृती मंत्रालयाखालच्या चित्रपट व व्हिडिओ विभागाने विक्रीची परवानगी नाकारली. स्थानिक वितरकाला कारण कळलं ते एवढंच, की यामुळे देशातल्या शांतता-सुव्यवस्थेवर परिणाम होऊ शकतो. याच मालिकेतले तिसरा आणि चौथा गेम तिथे बिनबोभाट विकले गेले होते. हुकूमशहा तोच होता, बेटही तेच. बदललं होतं ते बँकॉक.

थायलंडच्या २००८ च्या कायद्यात गेम ‘व्हिडिओ’ या सदरात मोडतो आणि विक्रीआधी परवाना लागतो. त्यामुळे बंदीचा हुकूम काढायची वेळच येत नाही. परवाना दिला नाही की पुरे.

(दृश्य: पेडर रोड. मग एका नाट्यगृहाची तिकीटखिडकी. त्यानंतर टेबलावर नाटकाची टाइप केलेली संहिता, एका ओळीखाली लाल शाईची रेघ.)

निवेदन:
आपल्याकडे अशी पूर्वपरवानगी कशाला लागते? सिनेमाला लागते, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली, आणि ती देणाऱ्या मंडळाचं मुख्यालय मुंबईतच आहे. महाराष्ट्रात नाटकालाही लागते. त्यासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. गेमसाठी असं मंडळ नाही. मुंबईत कोणी राजकारणावरचा गेम बनवला, तर तो बाजारात आणण्याआधी कुठल्याही टेबलावर ठेवावा लागत नाही.

हे ऐकून हायसं वाटेल. पण नाटकाच्या सेन्सॉरशी भांडता येतं, ते का, हे आधी पाहू. मंडळापुढे संहिता असते. अमुक पान, अमुक संवाद, वगळा. लेखक त्या वाक्यासाठी भांडतो, दिग्दर्शक कोर्टात जातो. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’चं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायाधीशांसमोर वाचायला नाटक तरी होतं.

सिम्युलेशन गेममध्ये, म्हणजे ट्रॉपिकोसारख्या, राज्य चालवण्याची नक्कल करणाऱ्या गेममध्ये, असं पान नसतं.

(दृश्य: संगणकाचा पडदा. एक साधी तक्ता-फाइल. ओळींत ‘वीजदर’, ‘वृत्तपत्रांवर निर्बंध’, ‘पोलीस खर्च’, समोर आकडे. एक आकडा बदलला जातो.)

निवेदन:
अशा गेमचं पोट असं असतं. समजा, वृत्तपत्रांवरचे निर्बंध दहा अंकांनी वाढवले. नियम सांगतो, सरकारविरोधी बातम्या लगेच कमी होतील, पण नाराजी तीन महिन्यांनी दुपटीने वर येईल. हा झाला एक नियम. दुसऱ्याने हाच नियम उलटा लिहिला, निर्बंध वाढवा आणि नाराजी कायमची विरून जाईल, तर पडद्यावरची चित्रं आणि संवाद तेच राहतील आणि गेम नेमकं उलटं सांगायला लागेल. लेखकाचं राजकीय मत असतं ते या ‘तीन’ आणि ‘दुप्पट’ यांत. ते कोणी पात्र बोलून दाखवत नाही. खेळणाऱ्याला ते चौथ्यांदा सत्ता गेल्यावर कळतं.

महाराष्ट्राचाच गेम करायचा ठरवा. विधानसभेच्या जागा २८८, बहुमत १४५. एवढ्यावर नियम लिहिलात तर २०१९ च्या नोव्हेंबरात तुमचा गेम कोसळेल. पक्षांतर बंदी, राष्ट्रपती राजवट, राज्यपालांची मुदत, अध्यक्षांचा निर्णय, हे सगळं एकमेकांत गुंतवावं लागेल. आणि पहाटेच्या शपथविधीची शक्यता किती टक्के धरायची, हा आकडा टाकताना प्रोग्रामरचा हात थांबेल. तो जो आकडा टाकेल, ती टीकाच ठरेल.

सेन्सॉरला हा आकडा दिसत नाही. त्याला दिसतात नावं, झेंडे आणि नकाशे.

(दृश्य: दोन मोबाइल शेजारी-शेजारी, तोच खेळ, वेगळी नावं.)

निवेदन:
याचा स्वच्छ नमुना ॲपलच्या दुकानात सापडतो. सरकार इथे नाहीच. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या ऑरॉक डिजिटलने ‘एंडगेम: सीरिया’ हा गेम काढला. सीरियातल्या यादवी युद्धात बंडखोरांच्या बाजूने राजकीय आणि लष्करी निर्णय घ्यायचे. अँड्रॉइडवर तो आला. ॲपलने नाकारला. ॲपलचा नियम असा, की गेममधला शत्रू हा निव्वळ एखादा वंश, संस्कृती, खरंखुरं सरकार किंवा कंपनी असू नये. शेवटी खऱ्या देशाच्या सगळ्या खुणा पुसल्या, नाव ठेवलं ‘एंडगेम: युरेशिया’, आणि दुकानाचं दार उघडलं. खेळायची रीत तीच राहिली, पुसला गेला तो फक्त सीरिया.

नकाशाचं प्रकरण जास्त महागात पडतं. स्वीडनच्या पॅराडॉक्सचा ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ चीनने २००४ मध्ये बंद केला, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या नकाशात तिबेट, शिनजियांग आणि मांचुरिया स्वतंत्र दिसत होते. भारतात मायक्रोसॉफ्टला हाच चटका बसला विंडोज ९५ मध्ये. कंपनीत हा विषय सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानेच पुढे हिशेब सांगितला. भारताच्या नकाशात सुमारे आठ लाख पिक्सेल होते, त्यातले आठ वेगळ्या हिरव्या छटेत गेले, ते काश्मीरचे. दोन लाख प्रती परत घ्याव्या लागल्या.

म्हणून इथे गेम बनवणाऱ्याने पहिलं काम करायचं ते नकाशाचं. इंटरनेटवरून मिळालेली फुकटची बाह्यरेषा वापरू नये. त्यातल्या बऱ्याच परदेशी मापाने काढलेल्या असतात आणि जम्मू-काश्मीर किंवा अरुणाचलपाशी तुटक रेघ देतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. झूम केल्यावर वेगळी फाइल उघडत असेल, तर तीही तपासायची. चूक बहुधा तिथेच राहते. दुसरं काम नावांचं. १९५० च्या चिन्हे व नावे कायद्यानुसार पंतप्रधानांचं नाव किंवा चित्र परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही, आणि त्याच यादीत छत्रपती शिवाजी महाराजही आहेत. गेम विकायचा असेल, तर ही यादी वाचूनच पात्रांची नावं ठेवावीत.

(दृश्य: फोर्टमधली एस्प्लनेड कोर्टाची इमारत, समोर वकिलांची ये-जा.)

निवेदन:
मंडळ नाही, मग बंदी येते कुठून? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ मधून. कारणं मोजकी आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी निगडित गुन्ह्याला चिथावणी. सभ्यता आणि नीतिमत्ता या यादीत नाहीत. राजकीय गेम मात्र त्यातल्या निम्म्या कारणांत आरामात बसवता येईल.

वाट अशी. एखाद्या सरकारी खात्याने यासाठी नेमलेला नोडल अधिकारी बंदीची मागणी पाठवतो. ती नियुक्त अधिकाऱ्याकडे जाते. त्याच्या अध्यक्षतेखाली विधी, गृह, माहिती व प्रसारण या खात्यांचे आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे प्रतिनिधी समिती म्हणून बसतात. समोरच्याला म्हणणं मांडायला किमान ४८ तास मिळायला हवेत. मागणीचा निकाल कामाच्या सात दिवसांत. सचिवांची मंजुरी, मग आदेश. तातडी असेल तर सुनावणीशिवाय अंतरिम आदेश निघतो आणि ४८ तासांत समितीपुढे ठेवला जातो. आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थ कंपनीला सात वर्षांपर्यंत कैद. कुठलं ॲप स्टोअर ही जोखीम घेईल?

गोम आहे दोन ठिकाणी. नोटीस ‘व्यक्तीला किंवा मध्यस्थाला’ द्यायची असते. मध्यस्थ म्हणजे स्टोअर, आणि त्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक. अंधेरीतल्या दोन खोल्यांत गेम बनवणाऱ्यापर्यंत ती पोहोचलीच पाहिजे, अशी सक्ती नाही. दुसरी गोम याच कलमाखालच्या नियमांतल्या नियम १६ ची: मागणी, तक्रार, कारवाई, सगळं गोपनीय. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६९ अ टिकवलं, ते कारणं लेखी नोंदली जातात आणि त्यांना रिट याचिकेने आव्हान देता येतं, या आधारावर. पण आदेशाची प्रत हातात नसताना उच्च न्यायालयात रिट घेऊन जाणारा वकील नेमकं काय जोडणार?

दुसरी वाट कोर्टाची. तिचा झटका किती लांब बसतो, ते मुंबईनेच दाखवलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच एस्प्लनेडच्या अतिरिक्त मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाने ३२ संकेतस्थळं रोखायचा आदेश दिला. मामला दहशतवादी मजकुराचा होता. यादीत गिटहब आणि मजकूर चिकटवून ठेवायचं पेस्टबिन होते, व्हिडिओंचं व्हिमिओही होतं. गिटहब म्हणजे जगभरचे प्रोग्रामर, गेमवाले धरून, आपला कोड जिथे ठेवतात ती जागा. चार-दोन पानांसाठी अख्खं गोदाम बंद. काहींवरची बंदी पुढे उठवली गेली.

(दृश्य: लोकलचा डबा. खिडकीपाशी आडवा धरलेला मोबाइल, दोन्ही अंगठे पडद्यावर.)

निवेदन:
आदेश निघाल्यावर फोनमध्ये काय होतं? आधी स्टोअरच्या भारतातल्या यादीतून ॲप जातं. ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे ते राहतं, फक्त नवी आवृत्ती येत नाही. पबजी मोबाइल सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातलेल्या ११८ ॲपच्या यादीत होतं, पण आधीपासून फोनमध्ये असलेला गेम जवळजवळ दोन महिने चालत होता. ३० ऑक्टोबरला कंपनीनेच भारतासाठी सर्व्हर बंद केले, तेव्हा तो खरा मेला. दर सामन्याला सर्व्हर लागणारा गेम असा एका खटक्यात जातो. एकट्याने, ऑफलाइन खेळायचं सिम्युलेशन जात नाही. ते फोनमध्ये पडून राहतं, जुनं होत.

हाँगकाँगच्या पोलिसांनी ही फट बुजवली. जून २०२५ मध्ये त्यांनी तैवानमध्ये बनलेल्या ‘रिव्हर्स्ड फ्रंट: बॉनफायर’ या गेमविरुद्ध पत्रक काढलं. तैवान, हाँगकाँग, तिबेट, उइगुर अशी बाजू घ्यायची आणि चीनमधली कम्युनिस्ट राजवट उलथायची. हवं तर कम्युनिस्टांच्या बाजूनेही खेळता येतं. पोलिसांच्या मते हा गेम म्हणजे फुटीरतेला चिथावणी. गेममध्ये पैसे भरून काही विकत घेतलं, तर ते अशा कृत्याला आर्थिक मदत ठरू शकतं. नुसता फोनमध्ये बाळगला, तरी कायद्याचा भंग होऊ शकतो. लगोलग ॲपलच्या हाँगकाँगमधल्या दुकानातून तो गेला. फोनमध्ये उरलेल्या प्रतींसाठी पत्रकात वेगळं वाक्य होतं: ज्यांनी उतरवून घेतलाय, त्यांनी तो ताबडतोब काढून टाकावा.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, अगदी जवळून. एका चौकोनी चिन्हावर अंगठा दाबून धरलेला. चिन्हं थरथरू लागतात. कोपऱ्यात उणेची खूण येते.)