तीन ओळींचा अहवाल

(दृश्य: छापील अहवाल. एका आकड्यावर कॅमेरा थांबतो.)

थायरॉईडच्या रक्ततपासणीचा अहवाल. टीएसएच ७.८. आकडा ठळक छापलेला, शेजारी 'एच', म्हणजे 'हाय', जास्त. घरात लगेच बोललं जातं, 'थायरॉईड निघालं, आता जन्मभर गोळी.' पण खालची ओळ वाचायची राहिलीय. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईड ग्रंथी स्वतः बनवते ते हार्मोन, १.१. साधारण मर्यादा ०.८ ते १.८, म्हणजे टी-फोर व्यवस्थित आहे.

टीएसएच थायरॉईडमध्ये तयारच होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी ते सोडते, गळ्यातल्या थायरॉईडमागे कामाचा तगादा लावायला. टी-फोर जरा कमी पडलं की तगादा कितीतरी पटींनी वाढतो. टी-फोर निम्म्यावर आलं, तर टीएसएच शंभरपटही चढू शकतं. म्हणूनच टी-फोर मर्यादेत असतानाही टीएसएच ०.४ ते ४ ही नेहमीची हद्द ओलांडतं. ते १०च्या आत असेल आणि गरोदरपण नसेल, तर बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. पुष्कळांचा आकडा तोवर आपोआप उतरलेला असतो.

उलट, टी-फोर कमी आणि टीएसएच मात्र मर्यादेत असेल, तर दोष पियूषिकेत असू शकतो. नुसतं टीएसएच तपासलं तर हे निसटतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची थायरॉईड. गुलाबी कप्पे, त्यांच्यामध्ये गडद जांभळ्या ठिपक्यांची दाटी.)

हे जांभळे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, आपल्याच संरक्षणासाठी असलेल्या पेशी, इथे आपल्याच ग्रंथीवर उलटलेल्या. १९१२ साली जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी चार स्त्रियांच्या ग्रंथींमध्ये ही दाटी पाहून तिचं वर्णन केलं. आजाराला आज त्यांचंच नाव आहे. अहवालात त्याची खूण तिसऱ्या ओळीत सापडते, अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडवर उलटलेली प्रतिपिंडं. ही प्रतिपिंडं सापडली आणि टीएसएचही वाढलेलं असलं, तर ग्रंथी पुढे थकण्याची शक्यता जास्त; तेव्हा वर्षातून एकदा तरी टीएसएच बघावं. पण अँटी-टीपीओ ६०० वरून ४०० झालं म्हणून आजार तेवढा हटला असं होत नाही, आणि गोळीची मात्रा त्यावर ठरत नाही. दर वेळी ही तपासणी करण्यात पैसे वायाच जातात.

(दृश्य: केसांसाठीच्या गोळ्यांची डबी. मागच्या बाजूला 'बायोटिन'.)

थायरॉईड मंदावली की केस गळतात आणि केसांसाठी लोक बायोटिन घेतात. कित्येक यंत्रांची रक्तचाचणी बायोटिनच्याच रसायनावर चालते. मोठी मात्रा रक्तात असली, तर टीएसएच खोटंच कमी आणि टी-फोर खोटंच जास्त येतं. मंद ग्रंथीचा माणूस कागदावर अतिवेगाचा रुग्ण ठरतो! रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. मात्रा मोठी असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

(दृश्य: सकाळ. पाण्याचा पेला, पांढरी गोळी, गॅसवर चहाचं आधण.)

लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, बाहेरून दिलेलं टी-फोर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं. चहा निदान अर्ध्या तासाने, तासाभराने झाला तर उत्तमच. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या मात्र चार तासांनी, कारण त्या पोटात या औषधाला धरून ठेवतात आणि ते रक्तात पोचतच नाही. मात्रा वाढवूनही टीएसएच हलत नसेल, तर आधी हे तपासा. बाटली ओट्याच्या वाफेपासूनही लांब ठेवा, उष्णता आणि दमट हवेने औषध कमजोर होतं.

मात्रा बदलल्यावर आठवड्याभरात रक्त तपासून काही कळत नाही. टी-फोर रक्तात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. नवी पातळी स्थिरावून पियूषिकेला ती उमगेपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात. त्या दिवशी टी-फोरही तपासायचं असेल, तर गोळी रक्त दिल्यानंतर घ्या.

गोळी चालू असलेल्या बाईने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी एक गोष्ट ठरवून ठेवावी. दिवस गेल्याचं कळलं की पुष्कळदा आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या सुरू करायला सांगतात आणि साधारण चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाची स्वतःची थायरॉईड पुरेसं काम करू लागते. तोवर त्याच्या मेंदूला लागणारं हार्मोन आईच्या रक्तातूनच यावं लागतं.