क्राकोव्हमध्ये रात्री तीन वाजता

श्रोतेहो, नमस्कार.

पोलंडमधलं क्राकोव्ह दिवसा बघायचं, पण ऐकायचं रात्री. आणि एकट्यानं. बरोबर कुणी असलं की बोलणं होतं आणि ऐकायचं राहून जातं.

वाट सोपी आहे. फ्लोरियन दरवाजातून आत शिरायचं, सरळ मुख्य चौकात यायचं, चौक ओलांडून ग्रोद्स्का रस्त्यानं वावेल टेकडीवरच्या किल्ल्याकडे. पोलंडचे राजे याच वाटेनं किल्ल्यावर जायचे. जुन्या गावाला पूर्वी तटबंदी होती. एकोणिसाव्या शतकात ती बहुतेक पाडली आणि तिथं गावाभोवती बाग केली, प्लांती नावाची. त्यामुळे चालता चालता झाडं लागली की समजायचं, जुनं गाव संपलं, मागे फिरा. रात्री बागेत शिरू नका, दिव्यांच्या रस्त्यानंच चाला. हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच, म्हणून पुढे जाते.

तो मुख्य चौक १२५७ साली आखलेला, एकेक बाजू सुमारे २०० मीटरची. मध्ये जुन्या कापडबाजाराची लांबलचक इमारत, कोपऱ्यात सेंट मेरीचं विटांचं चर्च. चर्चला दोन मनोरे, एक उंच, एक ठेंगणा. उंच मनोऱ्यात अग्निशमन दलाचे जवान पाळीपाळीनं पहाऱ्याला असतात आणि दर तासाला ट्रम्पेट वाजवतात. दर तासाला म्हणजे रात्रीसुद्धा. दोनला, तीनला, चारलासुद्धा.

मी गेले तेव्हा तीन वाजायला आले होते. चौकात माझ्याखेरीज एकच माणूस, रस्ता झाडणाऱ्या एक बाई. साठीच्या पुढच्या असाव्यात. डोक्याला रुमाल, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. मला पोलिश येत नाही, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. घंटेचे तीन ठोके पडले, तसा त्यांनी झाडू थांबवला आणि दांड्यानं वर खूण केली. मनोऱ्याची एक खिडकी उघडली. पहिल्यांदा ट्रम्पेट वाजला तो वावेलच्या दिशेला, म्हणजे राजासाठी. बाईंनी आपलं बोट वर धरलं होतं. सूर चढत चढत गेला, बाईंनी बोट झपकन खाली घेतलं आणि त्याच क्षणी सूर तुटला. मध्येच, अर्ध्यावर. ती धून तशीच आहे, ती पुरी होतच नाही. मग दुसरी खिडकी, चौकाच्या बाजूची, नगराध्यक्षासाठी. पुन्हा बोट वर, पुन्हा खाली, पुन्हा सूर तुटला. तिसरी फ्लोरियन दरवाजाकडे, पाहुण्यांसाठी. तेव्हा बाईंनी दांडा माझ्याकडे वळवला. पाहुणी मीच ना! चौथी मागच्या छोट्या चौकाकडे, अग्निशमन दलासाठी. चारही वेळा त्यांचं बोट आणि ती तूट यांत अंतर पडलं नाही. वाजवून झाल्यावर तो जवान खाली बघून हात हलवतो, अशी तिथली रीत आहे. बाईंनी हात हलवला, मीही हलवला. मग त्या पुन्हा झाडायला लागल्या.

मी पहाटे चारपर्यंत तिथंच थांबले. पुन्हा ऐकायला.

इथं मला एक बोलायचंच आहे. आपल्याकडे देवळांच्या नगारखान्यांत चौघडा वाजवणारी घराणी होती. आता कित्येक ठिकाणी आरतीला बटण दाबतात आणि विजेवर यंत्र नगारा बडवतं. हे मला अजिबात पटत नाही. वाजवणाऱ्याचा श्वास लागला पाहिजे, हात दुखला पाहिजे, तरच ती सेवा. क्राकोव्हला रेकॉर्ड लावणं काय अवघड होतं? पण लावत नाहीत. रात्री तीनलासुद्धा माणूसच वाजवतो.

सूर का तुटतो? दंतकथा सांगते, १२४१ साली मंगोल चालून आले, पहारेकऱ्यानं इशारा दिला आणि वाजवतानाच त्याच्या गळ्यात बाण घुसला. ती दंतकथाच आहे, इतिहासात तिला आधार नाही. पण मे १९४४ मध्ये इटलीत पोलिश सैन्यानं मोंते कासिनो जिंकलं, तेव्हा त्या भग्न मठात हीच धून वाजवली गेली, हा मात्र इतिहास. त्याच वर्षांत आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. कोल्हापूरकरांनो, तुमच्या आजी-आजोबांना विचारा.

आता रेडिओची गोष्ट, कारण आपण रेडिओवर आहोत. १९२७ पासून पोलिश रेडिओ ही धून रोज दुपारी बाराला मनोऱ्यावरून थेट ऐकवतो. पोलिश रेडिओची पहिली वाहिनी इंटरनेटवर लावता येते. तिथले बारा म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन. पुन्हा सांगते, हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. दोन मिनिटं आधी लावून ठेवा. नमस्कार.