एस्कोविच फिश: जमैकाचा अख्खा तळलेला मासा

नमस्कार मंडळी! आज आपण जाणार आहोत थेट जमैकाला. राजधानी किंग्स्टनपासून जवळच हेल्शायर नावाचा किनारा आहे, तिथल्या टपऱ्यांवर लोक खास मासे खायला जातात. आपला मासा आपण निवडायचा. तो अख्खा तळतात आणि वर कांदा, गाजर, मिरचीचं आंबटजाळ लोणचं ओततात. हाच एस्कोविच फिश.

आधीच सांगते, रव्याचा डबा आत ठेवा. हळद, तिखट, आलं-लसणाचं वाटणसुद्धा नको. माहितीये, हात शिवशिवतात! पण इथे सगळी चव वरून येणार आहे, आणि रवा लावलात तर तो व्हिनेगर पिऊन गिळगिळीत होईल.

जमैकात स्नॅपर किंवा पॅरटफिश घेतात. आपल्या बाजारात तांबोशी बघा, अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन. कोळीणमावशींकडून खवले, कल्ले, पोट साफ करून घ्या, पण डोकं राहू द्या. दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तीन-तीन तिरक्या चिरा मारा आणि लिंबाच्या पाण्यातून काढा.

आता खरं काम. मासा पुसायचा. (कॅमेरा माशावर) हे बघा, वरून कोरडा दिसतोय, पण चिरेत कागद सरकवला की लगेच ओला झाला. पोटात बोट घाला, तिथेही पाणी आहे. कागद कोरडा बाहेर येईपर्यंत पुसत राहा. नाहीतर तेल अंगावर उडणार आणि कातडी कढईला चिकटून फाटणार. मग मीठ, जाडसर मिरपूड, बस.

जाड बुडाच्या कढईत मासा निम्मा बुडेल एवढं तेल घ्या. शेपटीचं टोक लावून बघा, चर्र झालं की सोडा. मध्यम आचेवर एका बाजूला सहा-सात मिनिटं. सारखं उलथनं घालू नका! कातडी कडक झाली की मासा आपोआप सुटतो.

एकीकडे लोणचं. भांडं स्टीलचंच घ्या, अ‍ॅल्युमिनियमला व्हिनेगर खातं. एक कप पांढरं व्हिनेगर, चमचाभर साखर, अर्धा चमचा मीठ, थाइम या सुगंधी पाल्याच्या दोन काड्या आणि दहा-बारा दाणे ऑलस्पाइस. जमैकात याला पिमेंटो म्हणतात. दुकानात कबाबचिनी मागाल तर कदाचित शेपटीची मिरी हातात पडेल; आपल्याला हवेत बिनशेपटीचे, तपकिरी, गोल दाणे.

मिरची तिथली स्कॉच बोनेट. जहाल, पण वास फळासारखा. आपली हिरवी मिरची तिखटपणा देईल, तो वास नाही देणार. हबानेरो मिळाली तर उत्तम. ईशान्येकडची भूत जोलोकिया याच घराण्यातली, पण तिचा नखाएवढा तुकडा पुरे. आणि चिरताना हातमोजे घाला, प्लीज.

व्हिनेगर उकळलं की दोन कांद्यांच्या चकत्या, एका गाजराच्या काड्या आणि मिरची घाला. दोन मिनिटांत गॅस बंद. कांदा कचकचीत राहिला पाहिजे, शिजला तर त्याची भाजी झाली.

काचेच्या ताटलीत मासा ठेवा आणि लोणचं गरम असतानाच ओता. मासा तळून व्हिनेगरमध्ये मुरवायची ही रीत मूळची स्पॅनिश. स्पॅनिश लोक १५०९ मध्ये जमैकात वसले, १६५५ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, पण ही रीत तिथेच राहिली. फ्रिज नसताना मासा टिकायचा तो या आंबटामुळे. आजही गुड फ्रायडेसाठी बऱ्याच घरांत मासा आदल्या दिवशीच तळून ठेवतात.

म्हणून माझं मत: लगेच खाल्लात तर कुरकुरीत लागेल, पण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून खा. कातडी मऊ पडते, त्या बदल्यात आंबट-तिखट पार काट्यापर्यंत उतरतं. मला तोच जास्त आवडतो.

सोबत तिथे फेस्टिव्हल देतात, म्हणजे मक्याचं पीठ आणि मैद्याचे किंचित गोड, लांबट तळलेले गोळे. नाहीतर बॅमी, कसाव्याची जाड भाकरी. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कसावा, आणि ही भाकरी तिथल्या मूळच्या ताइनो लोकांची. दोन्ही नसेल तर पाव चालेल. ताटलीत उरलेलं व्हिनेगर त्याच पावाने पुसून घ्या, आणि डोक्याजवळचा गालाचा तुकडा दुसऱ्या कोणी उचलायच्या आत आपल्या पानात ओढा!