आजीची खानावळ

मित्रहो, गिरणगावाचा इतिहास सांगताना आपण गिरण्या, युनियन आणि संप यांविषयी भरभरून बोलतो. मला आज माझ्या आजीविषयी बोलायचे आहे, कारण डिलाईल रोडवरील आमचा संसार तिच्या खानावळीवर उभा राहिला, आणि तरीही तिच्या त्या कष्टांना कमाई म्हणण्याची रीत आमच्या घरात कधीच नव्हती.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातून आजी लग्न होऊन मुंबईला आली, तेव्हा आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात, बदली कामगार होते. पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, एखादा कायम कामगार गैरहजर असला तर काम मिळायचे, नाही तर घरी परतायचे, अशी ती नोकरी होती. एवढ्यावर चार मुलांचे आणि गावच्या सासू-सासऱ्यांचे भागणार नाही हे ओळखून तिने ओळखीच्या गाववाल्यांना जेवायला घालायला सुरुवात केली. बायकामुले गावी ठेवून आलेले असंख्य कामगार तेव्हा परळ-लालबागमध्ये एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, पाळीनुसार आळीपाळीने झोपत, आणि त्यांच्या पोटाची सोय अशाच घरगुती खानावळींतून होत असे.

हे काम किती बारकाईचे होते, ते थोडे तपशिलाने सांगतो. पहाटे नळाला पाणी आले की आजीचा दिवस सुरू होई. सातच्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे भरून होतात न होतात तोच रात्रपाळीची माणसे जेवायला येत. महिन्याच्या हिशेबाने जेवणाऱ्यांना मेंबर म्हणत. घाटावरचे माळकरी मेंबर मासळीचा वासही सहन करत नसत, तर कोकणातल्या मेंबरांना सुकटीशिवाय घास उतरत नसे; म्हणून तवे आणि पातेली तिने निरनिराळी ठेवली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पोटमाळ्याच्या शिडीमागच्या भिंतीवर प्रत्येक मेंबरासाठी तिने कोळशाची एक खूण ठरवली होती, कुणाला विळा, कुणाला मासा, कुणाला नुसते वर्तुळ, आणि त्या खुणेखाली त्याच्या खाड्यांच्या रेघा असत. महिना भरला की खाडे वजा करून ती तोंडी हिशेब सांगे, आणि त्यावर कुणी हुज्जत घातल्याचे मी ऐकलेले नाही. माझ्या मते ही भिंत म्हणजे आमच्या घराची खरी खातेवही होती. घराला रंग देताना ती पुसली गेली, याची मला आजही हळहळ वाटते.

धान्य आणि रॉकेल आगाऊ भरावे लागे, मेंबरांचे पैसे मात्र पगारानंतर येत. या मधल्या दिवसांसाठी आजी सावकाराकडून पैसे उचले आणि मंगळसूत्र गहाण ठेवी. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या बाईकडे तारण ठेवायला काही नाही, तिच्या हातच्या कष्टांवर बँकेने विश्वास ठेवावा, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. आजीने त्या कर्जातून सावकाराचे देणे फेडले आणि पुढे आत्याच्या शिक्षणाला हात आखडता घेतला नाही.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आजोबांचा पगार थांबला, आणि त्याच वेळी मेंबर गावी जाऊ लागल्याने आजीचे उत्पन्नही आटले. या दुहेरी फटक्याविषयी फारसे बोलले जात नाही. जे मेंबर मुंबईतच थांबले, त्यांना ती उधारीवर जेवू घालत राहिली. “जेवत्या माणसाला पैशाचं विचारायचं नाही,” हा तिचा नियम त्या दिवसांतही मोडला नाही. त्याच वेळी घरातल्या मुलांच्या ताटात काय पडते यावर तिची करडी नजर होती. स्वतः सर्वांत शेवटी बसून ती पेजेवर भागवी. वडिलांनी शिक्षण सोडून कामाला लागतो म्हटले, तेव्हा तिने दुपारनंतर पापड लाटायचे काम घेतले, पण त्यांचे नाव कॉलेजातून काढू दिले नाही. कुटुंबावरची तिची माया ही अशी होती. तिला लाड करायला सवड नव्हती. कुणाला किती लागेल आणि ते कुठून आणायचे, याचा विचार मात्र तिच्या डोक्यात अखंड चाललेला असे.

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आजोबांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही, आणि त्यापुढे घर चालले ते खानावळीवर, तीही गिरण्या बंद होत गेल्या तशी लहान होत गेली. पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली, तेव्हा आमच्या घरातूनही अर्ज भरला गेला. त्यात आजोबांचे गिरणीतले खाते, तिकीट नंबर आणि नोकरीची वर्षे यांची नोंद आहे. आजीचे नाव आहे ते वारस म्हणून. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहिले आहे.