आजीचे डोळे आणि शरणपूरचा जेकब

माझ्या आजीने नेत्रदानाचा फॉर्म तीन वर्षं बायबलमध्ये घालून ठेवला होता, सही काही करेना. विचारलं की म्हणायची, "डोळे देऊन टाकले तर त्या दिवशी प्रभूला कशाने बघू रे?" प्रश्न बरोबरच होता तिचा. मतांगिकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, आपण शरीराचं पुनरुत्थान म्हणतो, नुसत्या आत्म्याचं नाही, मग माणूस शरीराचा हिशोब विचारणारच ना.

आता आपल्या नाशिकचा हा शरणपूर रोड बघा. आज शोरूम आणि ट्रॅफिक, पण १९ व्या शतकात इथे ख्रिस्ती वस्ती होती, मिशनची शाळा होती, आणि त्या शाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची. त्यातलाच एक जेकब वेनराईट. १८७३ मध्ये आफ्रिकाभर फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले तेव्हा जेकब तिथे होता, सोबत्यांनी त्यांचं हृदय काढून तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर नाव त्यानेच कोरलं, आणि मग देह उन्हात वाळवून, गुंडाळून, कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत नेला. आपल्या नाशकात शिकलेलं पोरगं हे! लंडनमध्ये देह ओळखला तो डाव्या दंडाच्या हाडावरून, ते तीसेक वर्षांपूर्वी सिंहाने मोडलं होतं. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. हृदय एका खंडात, देह दुसऱ्या खंडात.

आजीला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, म्हणजे जखमेवरून ओळखलं, येशूच्या शिष्याने, थोमाने, ओळखलं तसं. मला हे सुचलंच नव्हतं. उठलेल्या येशूचं शरीर नवं होतं, बंद दारातून आत आलं, तरी खिळ्यांचे व्रण तसेच होते.

डॉक्टर देतात ते नवेपण वेगळं. १९६७ ला केपटाऊनमध्ये बर्नार्ड यांनी पहिल्यांदा एका माणसाचं हृदय दुसऱ्यात बसवलं, पेशंट १८ दिवस जगला, आणि आपल्याकडे १९९४ ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ते केलं. द्राक्षमळ्यात डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन जातीची काडी भरली की ती धरते, माणसाचं शरीर मात्र परका अवयव ओळखतं आणि त्याच्यावर उठतं, म्हणून गोळ्या बहुतेक जन्मभर. कॉर्नियाचं, म्हणजे नेत्रदानात बसवतात त्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं, त्यातल्या त्यात सोपं, कारण त्यात रक्तवाहिन्याच नसतात, रक्त पोचत नाही तिथे विरोधही कमी. आणि तसं बघितलं तर आपल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांत बदलतात, म्हणजे आजीचं रक्त तिच्या हयातीत कितीदा नवं झालं असेल, तरी आजी तीच. बायबलमध्ये पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात हेच सांगतो असं मला वाटतं, तुम्ही पेरता तो नुसता दाणा, उगवतं ते शरीर देव देतो. दाणा अख्खा आहे का हे तिथे कोण मोजतंय?

आजीने सही केली त्याच आठवड्यात.

ती गेली तेव्हा आम्ही पंखा बंद केला, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, सहा तासांच्या आत टीम आली, अर्ध्या तासात काम झालं. चेहरा नेहमीसारखाच, झोपल्यासारखा. दुपारी दफनाला पाळकांनी तोच गव्हाच्या दाण्याचा अध्याय वाचला, आणि फॉर्मची पोचपावती अजून तिच्या बायबलमध्ये त्याच पानावर आहे.